बाईंची खुर्ची रिकामी का आहे

समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आमच्या लिफ्ट कंपनीचे व्यवस्थापक साहेब. त्यांच्या शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठावरचे इतर मान्यवर. पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान, लेक आणि जावई. तक्रार कक्षातले माझे सोबती. आणि चारचा कार्यक्रम म्हटल्यावर खरोखर चारला हजर झालेले तुम्ही सगळे. सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंच्या यादीत माझं नाव नाही. त्यांच्या हातून माइक घेताना जरा ओढाओढ झाली. ताई, माफ करा. मला लागलेली धाप माइकमधून तुम्हाला ऐकू येत असेल. मी आत्ता नऊ मजले धावत उतरलो आणि नऊ मजले धावत चढलोय. का, ते सांगतोच.

आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो, त्या आमच्या बाई. त्यांच्या खुर्चीवर फुलांचा गुच्छ आहे, चष्म्याचं घर आहे, बाई नाहीत, हे तुम्ही पाहताच आहात. त्या दाराबाहेर आहेत, लिफ्टजवळ. त्यांच्या यजमानांनी काळजी करू नये. काका, तुम्ही बसा. त्या एकट्या नाहीत, फोरमनकाका त्यांच्यासोबत आहेत.

बोलण्याआधी दोन विनंत्या. पहिली, माझं बोलणं संपेपर्यंत कोणीही या दारातून बाहेर जाऊ नये. घाई असली तरी नाही, मूल रडत असलं तरी नाही. दाराशी आमचे दोन मेकॅनिक उभे आहेत, ते नम्रपणे अडवतील आणि नंतर कदाचित नम्र राहणार नाहीत. दुसरी विनंती, टाळ्या वाजवू नका. मी टाळ्यांसारखं काही बोलणारही नाही, पण तरी.

साहेब, तुम्ही घड्याळ दाखवताय, मला दिसतंय. पाच मिनिटांत आटपणार नाही.

गेल्या तीन आठवड्यांत एका माणसाने आमच्या तक्रार कक्षाला अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा तो मी उचलला. तो कुठल्यातरी लिफ्टबद्दल काहीतरी कळवळून सांगत होता आणि त्याची भाषा मला येत नव्हती. अकराही वेळा मी त्याची तक्रार निकाली काढली. तो काय सांगत होता, हे मला अर्ध्या तासापूर्वी कळलं, प्रमुख पाहुणे दळणवळणाच्या महत्त्वावर बोलत होते तेव्हा. आता बाईंच्या गौरवाचं भाषण या माणसाला बाजूला ठेवून मला करता येणार नाही.

बाईंनी एकतीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून काम केलं. काम काय? लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने लाल बटण दाबलं की फोन आमच्याकडे वाजतो. तो उचलायचा, कुठली इमारत ते बघायचं, मेकॅनिक पाठवायचा आणि मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं. ऐकायला सोपं आहे. पण या शहरात माणसं कुठून कुठून आलेली. अंधाऱ्या डब्यात अडकलेला माणूस कागदोपत्री येणारी भाषा बोलत नाही, तो आईची भाषा बोलतो.

मी दोन वर्षांपूर्वी लागलो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, सोडलं म्हणजे सरांच्या टेबलावर वही आपटून निघून आलो. घरी वडिलांनी बोलणं टाकलं. या नोकरीतसुद्धा पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकावर ओरडलो. तो माणूस काहीतरी वेगळंच बोलत होता, मी म्हटलं, अहो, नीट बोला की. बाईंनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून घेतला आणि स्वतःच्या कानाला लावला. त्यांनाही ती भाषा येत नव्हती. तरी चाळीस मिनिटं त्या त्याच्याशी मराठीत बोलल्या. काय बोलल्या? सकाळी दूध कसं उतू गेलं, सुनेने शेगडी कशी पुसली, धाकट्या नातवाने बोळा घेऊन त्यात कशी मदत केली. पलीकडचा माणूस हळूहळू शांत झाला. शेवटी तो हसला, मी ऐकलं. मेकॅनिक पोहोचल्यावर बाई मला म्हणाल्या, "त्याला शब्द नको होते रे. कोणीतरी फोन ठेवत नाहीये, एवढंच हवं होतं."

बाईंची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, कडा उसवलेल्या. तिच्यात चौदा भाषांत तीनच वाक्यं लिहिलेली आहेत. घाबरू नका. हलू नका. मी आहे. चौदा वेळा, आपल्याच अक्षरांत. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो. मी विचारलं होतं, बाई, लग्नाची मागणी घालायचं वाक्य नाही का यात? त्या म्हणाल्या होत्या, "तुला ते मराठीत तरी येतं का?"

हसू नका फार. आवाज कमी ठेवा, प्लीज.

बाईंची दुसरी पद्धत म्हणजे खिळा. ज्या फोनची भाषा कळली नाही, त्यातलं जेवढं कानावर पडलं तेवढं पिवळ्या चिठ्ठीवर उतरवायचं, जसं ऐकलं तसं. अर्थ कळायची गरज नाही. खाली नंबर आणि वेळ लिहायची आणि चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला लावायची. संध्याकाळी बाई त्या चिठ्ठ्या काढून वाचायच्या. स्वतःला नाही कळलं तर घरी जाताना वाण्याला विचारायच्या, शिंप्याला विचारायच्या, दवाखान्यातल्या आयाबाईला विचारायच्या. दुसऱ्या दिवशी त्या नंबरवर फोन जायचा. जायचाच. कळलं नाही म्हणून टाकून द्यायचं नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या हाताला सवय लागली. फक्त हाताला लागली, हे आज सांगावं लागतंय.

मग या वर्षी मशीन आलं. साहेबांनी त्याचं उद्घाटन केलं, पेढ्यांऐवजी पेन वाटले. मराठीसाठी एक दाबा, अमुकसाठी दोन. आणि आमच्यासाठी नऊ. फोनवरची भाषा आपल्याला येत नसेल तर आपण नऊ दाबायचं. नऊ म्हणजे 'भाषा जुळली नाही', आणि तक्रार आपोआप निकाली. महिन्याच्या शेवटी फलकावर आलं, प्रलंबित तक्रारी शून्य. फोटो निघाला. त्या फोटोत मी दात काढून उभा आहे. बाई त्या फोटोत नाहीत. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर जायचं होतं आणि जाताना त्या एकच वाक्य म्हणाल्या, "खिळा काढू नका रे."

खिळा आम्ही काढला नाही. त्याला मी माझी छत्री अडकवत होतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण ते गाळलं तर पुढचं कळणार नाही. आमच्या कचेरीत सुट्या भागांची खिडकी आहे. बटणं, दिवे, दाराचे रूळ मिळतात तिथे. त्या खिडकीवर जी बसते, तिच्यावर माझा जीव जडलाय. हे सगळ्या कक्षाला माहीत आहे, मेकॅनिकांना माहीत आहे, बहुधा साहेबांनाही माहीत आहे. ती आत्ता शेवटून तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली आहे. कोणी मागे वळून बघू नका. तिचा यात काहीही दोष नाही, उलट तिच्यामुळेच आपण सगळे आज वाचलो. तेही सांगतो.

बाई रजेवर गेल्या त्याच दिवशी त्या माणसाचा पहिला फोन आला. लिफ्टमधून नाही, स्वतःच्या मोबाइलवरून, त्यामुळे इमारत कुठली ते पडद्यावर दिसेना. वयस्क आवाज. भराभर बोलत होता, मध्येच थांबत होता, बहुतेक मी लिहून घेतोय असं समजून. आणि मी लिहीत होतोच, पिवळ्या चिठ्ठीवर, हाताच्या सवयीने. मग नऊ दाबलं. चिठ्ठी वाचायला बाई नव्हत्या. चिठ्ठीची मागची बाजू कोरी होती. आणि माझ्या डोक्यात त्या दिवसांत दुसरं काहीच नव्हतं.

मी त्या कोऱ्या बाजूवर तिला पत्र लिहिलं.

अकरा फोन, अकरा चिठ्ठ्या, अकरा पत्रं. घडी घालून, खिडकीतून, बटणांच्या मागणीपत्राखाली सरकवून. एका पत्रात मी लिहिलं होतं, मी रोज इतकं सांगतो आणि तू ऐकत नाहीस, याहून वाईट माणसाचं काय होऊ शकतं? चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला काय होतं, ते मी एकदाही उलटून पाहिलं नाही.

याच दिवसांत आणखी एक तक्रार आली होती. तीसुद्धा मीच घेतली. ती स्वच्छ मराठीत होती. एका सभागृहाचे व्यवस्थापक बोलत होते. म्हणाले, आमच्या इमारतीतला म्हातारा गार्ड लिफ्टच्या दारात स्टूल टाकून बसतो, पाहुण्यांना चढू देत नाही, हातवारे करतो, काय बोलतो ते कोणालाच कळत नाही, लिफ्ट तुमची आहे तर तुम्ही त्याच्या ठेकेदाराशी बोला. मी बोललो. अगदी तडफेने बोललो, तासाभरात काम झालं. ठेकेदार म्हणाला, उद्या त्याचा शेवटचा दिवस, परवापासून दुसरा माणूस देतो. मला त्या तक्रारीबद्दल साहेबांकडून शाबासकी मिळाली.

ही परवाची गोष्ट.

साहेब, पाण्याचा ग्लास नको. चिठ्ठीही पाठवू नका. मी अर्ध्या तासापूर्वी तुमच्या कानाशी आलो होतो. तुम्ही म्हणालात, नंतर. तेव्हा मीही तुमच्याच तालमीत तयार झालोय हे मला कळलं, कारण 'नंतर' म्हणताना माझा चेहरा अगदी असाच होत असणार.

आज समारंभ सुरू झाल्यावर तिने ते अकराही कागद एका पाकिटात घालून मला परत दिले. म्हणाली, "हे तुझं. मला नकोय, आणि पुन्हा देऊ नकोस." मी काहीतरी बोलायला गेलो तर म्हणाली, "माझं सोड. मागे कोणाचं काय लिहिलंयस ते तरी वाचलंस का कधी? रोज तोच नंबर आहे."

मी पाकीट खिशात कोंबत होतो. रागाने, खरं सांगायचं तर. तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं आणि सरळ व्यासपीठावर जाऊन बाईंच्या मांडीवर ठेवलं. बाईंना वाटलं शुभेच्छापत्रं आहेत. नवा चष्मा लावून त्यांनी पहिला कागद उघडला, पत्र बघून माझ्याकडे हसून पाहिलं आणि सवयीने कागद उलटा केला.

मी त्यांना एकतीस वर्षं ओळखत नाही, दोनच वर्षं ओळखतो. पण त्यांचा तो चेहरा काकांनीही कधी पाहिला नसेल. ती भाषा बाईंच्या आईची. घरात आई गेल्यानंतर कोणी बोललं नाही, म्हणून वहीतसुद्धा ती नाही, वहीत लिहायची गरजच नव्हती. त्या ओठ हलवत वाचत गेल्या. मी खाली वाकून विचारलं, बाई, काय म्हणतोय? त्यांनी मला मराठीत सांगितलं, एकेक चिठ्ठी, अगदी हळू. शेजारी प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालूच होतं.

पहिली चिठ्ठी: लिफ्टच्या डब्यावर वरून लाल पूड पडते. तिसरी: दोराच्या तारा सुटल्यात, हाताला टोचतात. पाचवी: चार दोरांतला एक गेला, मालक लिफ्टवरच्या कंपनीच्या नंबराकडे बोट दाखवतात, मी कळवतोय. सातवी: ही इमारत घड्याळाच्या चौकातली, वरच्या मजल्यावर मोठी खोली आहे, खुर्च्या आहेत, लोक फुलं घेऊन वर जातात. आठवी: मी दारात स्टूल टाकून बसतो, पण लोक मला ढकलून चढतात.

खाली चौकात घड्याळ तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. वर येताना तुमच्यापैकी कित्येकांच्या हातात फुलं होती.

बसा. बसा म्हणतोय मी. काका, तुम्ही मागच्यांना सांगा. उठू नका. म्हणूनच तर दार बंद आहे. लिफ्टचा मेन स्विच मी खाली जाऊन बंद केलाय, ती आता हलणार नाही. पण फोरमनकाकांनी बाहेर लिफ्टचं दार उघडून ठेवलंय, आत डब्याच्या कडेने खोल विहीर आहे, आणि जिन्याकडे जायची वाट त्या उघड्या दाराला घासून जाते. दोनशे माणसं एकदम तिथे गेली तर काय होईल ते मला सांगायला लावू नका. मेकॅनिक डबा जागेवर जखडताहेत. फोरमनकाका मला म्हणाले, "पंधरा मिनिटं लोकांना बसवून ठेव. काहीही बोल. एरवी तुझं तोंड बंद नसतं." म्हणून मी बोलतोय. खरं तर हे शेवटपर्यंत न सांगता बोलायचं होतं, ते मला जमलं नाही. माझ्याच्याने काही लपवलं जात नाही, हे शेवटून तिसऱ्या रांगेत सगळ्यांना माहीत आहे.

डबा कशाला जखडायचा, स्विच बंद आहे तर? विचाराल. विचारायलाच हवं. डबा जड आहे म्हणून नाही. अकरावी चिठ्ठी अजून सांगायची राहिली.

अकरावा फोन काल दुपारचा. मला आठवतो, कारण तो भराभर बोलला नाही. एकेक शब्द सावकाश, लहान मुलाला सांगावं तसा. मला वाटलं, दमला बिचारा. आणि नऊ दाबलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं ते बाईंनी असं सांगितलं: उद्या इथे दुसरा माणूस येईल. त्याला यातलं काही माहीत नाही. आज संध्याकाळी लोक गेले की मी स्वतः डब्यावर चढून दोर किती तुटलाय ते बघतो, फोटो काढतो, फोटो तरी तुम्हाला कळेल. माझा पुन्हा फोन आला नाही, तर कोणीतरी लिफ्ट थांबवा.

आज सकाळपासून आपला कक्ष समारंभासाठी बंद आहे. फोन मशीन घेतंय. त्याने केला असेल की नाही, ते आत्ता कोणालाच माहीत नाही.

खाली नव्या गार्डला मी विचारलं, जुना कुठाय? तो बिचारा साधा माणूस आहे. म्हणाला, "काल गेला असणार. पण त्याची पिशवी इथेच राहिलीय, चपलाही इथेच आहेत. नेईल येऊन." चपला स्टुलाखाली नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

वर येताना आठव्या मजल्याच्या पुढे मी त्या अकरा चिठ्ठ्यांवरचा नंबर फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला फोन केला. माझ्या कानात रिंग वाजली आणि भिंतीच्या पलीकडे, लिफ्टच्या विहिरीत, माझ्या डोक्याच्या थोडं वर, तशीच दुसरी वाजली. सहा वेळा. मग थांबली. आता तो नंबर लागत नाही.

आज वर येताना तुमच्यापैकी काहींनी छतावर टकटक ऐकली असेल. तिथे मागे कोणीतरी मान हलवतंय, म्हणजे ऐकलीय. मीही ऐकली होती. आम्ही आठजण होतो, हातात केक होता. कोणीतरी म्हणालं, लिफ्ट म्हातारी झाली. मी म्हटलं, तिलाही आज निरोप देऊन टाकू. सगळे हसले. टकटक थांबली.

बाईंची खुर्ची रिकामी का आहे, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. डबा रिकामाच वर येत होता, स्विच बंद केल्यावर आठव्या आणि नवव्या मजल्याच्या मध्ये उभा राहिलाय. छतावर वंगणाचा काळोख आहे, टॉर्चने माणसाचा एक हात दिसतो, बाकीचं दिसत नाही. फोरमनकाकांना भीती ही, की तो शुद्धीवर असला आणि माणसांचे आवाज ऐकून दचकून उठला, कडेला सरकला, तर. खाली नऊ मजले आहेत. त्याला कोणीतरी सांगायला हवं. घाबरू नका. हलू नका. मी आहे. या इमारतीत आत्ता दोनशेपेक्षा जास्त माणसं आहेत आणि ही तीन वाक्यं त्याच्या भाषेत सांगू शकणारी बाई एकच आहे, आणि तिला आपण आजपासून मोकळं करणार होतो.

फोरमनकाका दारात आलेत. हात वर केलाय. म्हणजे डबा जखडला.

तेव्हा मला आटोपतं घेतलं पाहिजे. अध्यक्ष साहेबांनी माझ्या हातून माइक काढून घेतला नाही, त्यांचे आभार. सभागृहाने मला ऐकून घेतलं, तुमचे आभार. शेवटून तिसऱ्या रांगेतली जी आहे, तिचे आभार मी मानणार नाही, ते फार थोडे होतील. एवढंच सांगतो की तिला पुन्हा चिठ्ठी येणार नाही. बोलताना कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कोणाला लागलं असेल, तर तो राग जपून ठेवा, मी उद्या कक्षात सापडेन. क्षमा मला आधी दुसऱ्याच माणसाची मागायची आहे, आणि ती मागायला लागणारे शब्द मला येत नाहीत. ते मी बाईंकडून शिकून घेईन. त्याला ऐकायला मिळाले तर.

आता कृपा करून पंखे बंद करा. मोबाइल बंद करा. ज्यांच्या कडेवर मूल आहे त्यांनी त्याला जवळ घ्या. खुर्ची सरकवू नका. दार थोडं उघडतोय. बाई विहिरीच्या काठावर गुडघ्यांवर बसल्यात. त्या हाक मारतील, आपल्याला ती कळणार नाही, आणि तिला उत्तर आलं तर तेही कळणार नाही. पण उत्तर आलं एवढं कळेल.

मी माइक बंद करतोय.